बापूंचा रुसवा

पौष लागायच्या आधीच राजबालाने घरातला गोडाचा कण न् कण बाहेर काढला. खांडेचा, म्हणजे देशी साखरेचा, डबा शेजारच्या धापो काकीकडे गेला. गुळाच्या ढेपा ग्रामदेव दादा खेड्याच्या ठाण्यावर प्रसादासाठी गेल्या. फडताळाच्या तळाशी सासूने कधीकाळी दडवलेली खडीसाखरेची पुरचुंडी सापडली, तीही तिने ओढणीच्या टोकाला बांधून नेली आणि पिंपळाखालच्या मुंग्यांच्या वारुळावर मोकळी केली. मुंग्यांचा आशीर्वाद लागत असेल तर बापूंना लागो, एवढंच ती मनाशी म्हणाली आणि हात जोडून परतली.

बापू म्हणजे तिचे सासरे, रिसालसिंग. पावसाळ्यात त्यांच्या डाव्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. मधुमेहाने ते आतून पोखरून टाकलं होतं. रोहतकच्या डॉक्टरने पट्टी बांधता बांधता बजावलं, "बोटावर निभावलं म्हणून समजा. येत्या थंडीत पुन्हा लाडू हाणलेत तर पुढच्या खेपेला घोट्यापासून जाईल." बापू हसले. फौजेत उमर काढलेला माणूस, असल्या धमक्यांनी हसणारच. पण घुंघटाआड उभ्या असलेल्या राजबालाला त्या हसण्याचीच धास्ती बसली.

कारण लाडू हा त्या घरात नुसता खाण्याचा जिन्नस नव्हता. पहिलं धुकं उतरलं की तिची सासू भरपाई चुलीपुढे परात घेऊन बसायची. तुपात डिंक फुलायचा, मेथी आणि सुंठ पडायची, कणीक खरपूस व्हायची आणि वरून खांड अशी सढळ हाताने पडायची की वळणाऱ्याची बोटं एकमेकांना चिकटत. पहिला लाडू बापूंचा. ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत, ते तो सावकाश खात आणि भरपाईकडे न बघता म्हणत, "ठीक आहे." तेवढ्या दोन शब्दांवर भरपाईचा अख्खा हिवाळा निघायचा.

दोन थंड्यांमागे भरपाई गेली. वर्ष फिरेपर्यंत घरात सण झाला नाही, परात फळीवरून खाली आली नाही. बापूंनी मात्र ती थंडी हलवायाकडचे लाडू आणून, ट्रंकेत लपवून, एकट्याने खाऊन काढली. दुःखावर माणूस काय काय लावून बघतो! बापूंनी लाडू लावला आणि तो बोटावर निघाला.

यंदा राजबालाने ठरवलं होतं, लाडू होणार, पण असे की ते खाऊन माणूस जगेल.

आता हे बापूंना सांगायचं कसं? सून होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून सासऱ्यापुढे तिचा घुंघट वर गेला नव्हता, आणि आवाजही. भरपाई होती तोवर दोघांच्या मधली जा-ये तिचीच. ती गेल्यावर घरात तिसरं माणूस उरलं नाही. नवरा सतबीर ट्रक घेऊन महिना महिना आसामच्या वाटेवर, मुलगी हिसारला वसतिगृहात. मग दोघं अंगणातल्या म्हशीशी बोलायला लागली.

"काळे, सांग त्यांना, पाणी तापलंय," राजबाला गोठ्याकडे तोंड करून म्हणायची.

"काळे, सांग तिला, आधी चहा," बापू खाटेवरून म्हणायचे.

काळी कान हलवायची. भिंतीपलीकडून धापो काकी हे सगळं ऐकायची. ती बापूंच्या थोरल्या चुलतभावाची विधवा, म्हणजे नात्याने त्यांची भावजय, तेव्हा तिच्या जिभेला दिराच्या बाबतीत मुभा होती. "अरे रिसाल," ती ओरडायची, "त्या म्हशीला पोस्टात नोकरी लाव! दिवसभर नुसती तुमचं टपाल वाहून मेली बिचारी!"

बापू मिशीतल्या मिशीत हसत. राजबालाही घुंघटात हसे. पण म्हशीकरवी चहापाण्याचा निरोप जातो. पायाची धास्ती वाटते, रात्री झोप लागत नाही, असलं काही म्हशीला सांगून पोचवता येत नाही. ते सगळं राजबालाने लाडवात घालायचं ठरवलं.

पहिल्या घाण्यात तिने खांडेऐवजी खजूर कुटून घातला. दवाखान्यात पथ्याचं सांगणाऱ्या बाईंना नमुना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "ही वेष बदलून आलेली साखरच आहे ताई." दुसऱ्या खेपेला खजूर वगळला. बाजरीचं पीठ, भाजलेले चणे दळून, जवस, तीळ, सुंठ आणि मेथी. डिंक तुपात तळण्याऐवजी कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत हलवत फुलवला. तूप चमच्याने मोजून. वास तर छान सुटला, पण लाडू वळायला घेतला की मुठीतून भुसभुशीत होऊन गळे. खांड नुसती गोडी देत नाही, लाडवाला धरूनही ठेवते, हे तिला तेव्हा कळलं. मग थोडं जवस पाण्यात शिजवून, घोटून, त्या चिकट लगद्यात तिने पीठ बांधलं. लाडू झाले. काळपट, ओबडधोबड, पण झाले.

धापो काकीने एक तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

"काय गं काकी?"

"औषध म्हणून दिलास तर रोज घेईन. लाडू म्हणून देऊ नकोस बाई."

"मेथी कडू लागतेय?"

"मेथी कडू असतेच. तिला आपण खांडेने गप्प बसवतो. तू तिला मोकळं सोडलंयस." मग राजबालाचं उतरलेलं तोंड बघून काकी वरमली. "अगं, पण रिसालच्या पायासाठी आहे ना? खाईल तो. नाही खाल्ला तर मी त्याच्या तोंडात कोंबेन."

त्याच आठवड्यात गावात भजनी उतरले होते. दादा खेड्याच्या पारावर मांडव पडला, बाजाची पेटी आली, मडक्यावर ठेका धरणारा आला. धुक्यात गॅसबत्ती लोंबत होती आणि जाड सुती खेस पांघरून सारं गाव मांडीला मांडी लावून बसलं होतं. कथा गाऊन सांगणारा तो म्हातारा भजनी साधाच होता, पण गळा असा की ऐकणाऱ्याच्या काळजातली गाठ सैल व्हावी. त्या दिवशी त्याने देव भक्ताच्या घरी जेवायला येतो ती कथा लावली होती. भक्त घरी नाही. त्याची बायको देवाला बघून भान हरपते, केळी सोलते, गर टाकून देते आणि सालं देवाच्या हातावर ठेवते. देव ती सालं खातो. आवडीने खातो. भजनी हे पद आळवू लागला तेव्हा त्याचा स्वर इतका खाली आला की मडक्यावरचा हातही थांबला. मग त्याने मांडवाकडे पाहून विचारलं, "देवानं काय खाल्लं, मायबाप? साल खाल्लं की माया खाल्ली?"

बायकांच्या बाजूला राजबालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, हा आपल्यासाठीच आलाय. देवाने साल गोड मानून घेतलं, मग बापू माझा लाडू का नाही मानणार? पुरुषांच्या बाजूला तिने घुंघटाच्या फटीतून पाहिलं. बापूही ओढणीएवढ्या रुमालाने डोळे पुसत होते. तिचा जीव हलका झाला. घरी येताना ती वाटभर ते पद गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी बैठकीत हुक्क्याभोवती बापूंचे दोस्त जमले. राजबालाने थाळीत लाडू रचले, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि बैठकीच्या उंबऱ्यावर थाळी ठेवून आत सरकली. पहिला लाडू बापूंनी उचलला. तिचे कान दाराला लागले होते.

बापूंनी घास घेतला आणि चावत राहिले.

बोलला तो चंदगी, बापूंचा फौजेपासूनचा जिगरी आणि गावातला अव्वल टवाळ. त्याने एक चावा घेतला, लाडू उजेडात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "रिसाल्या, आज तुझी म्हैस उपाशी राहिली वाटतं."

"का रे?"

"तिचं आंबोण इकडे आलंय!"

बैठक अशी हसली की हुक्क्याची चिलीम हलली. कोणी म्हणालं, "जवसाची पेंड आहे रे यात." कोणी म्हणालं, "रिसालसिंगाचीच आता दोन्ही वेळ धार काढा." बापूही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. मग उरलेला अर्धा लाडू त्यांनी हळूच थाळीच्या कडेला ठेवला आणि हुक्क्याची नळी तोंडात धरली. राजबालाने दाराच्या फटीतून ते बघितलं. बापू हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

तिन्हीसांजेला ते गोठ्यात गेले. तो अर्धा लाडू आणि थाळीतले बाकीचे त्यांनी काळीच्या गव्हाणीत टाकले.

"खा बाई काळे," ते म्हणाले. "तुझंच आहे."

राजबाला चुलीपाशी होती. तिचा हात पोळीवर थांबला.

"काळे," बापूंचा आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "देवाला सालं मिळाली, पण देणारीचं भान हरपलं होतं. इथं भानावर राहून, मोजून मापून सालं वाढतात. भरपाई असती तर तिने मला चारचौघांत असं वाढलं नसतं."

काही शब्द माणसाच्या तोंडून निघतात तेव्हा त्याचं स्वतःचं सुद्धा ऐकत नाहीत. राजबालाने इतके दिवस कढईपाशी हात भाजून घेतले होते, आणि आता भरपाईचं नाव असं तिच्या अंगावर आलं. ती ताडकन म्हणाली, "काळे, खाऊन घे गं सगळे! ज्यांना स्वतःचे पाय नकोत, त्यांना लाडू तरी हवेत कशाला?"

बापूंनी वळून पाहिलं नाही. ते काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेले.

त्यानंतर काळीच्या कानी काही पडेना. चहाचा पेला उंबऱ्यावर ठेवला की रिकामा परत येई, ताट अर्धं परत येई. राजबाला पाणी तापलं म्हणून सांगे, तिकडून खोकल्याएवढाही जबाब नाही. एकच गोष्ट बापू चुकवत नव्हते. सकाळी ठरल्या वेळी इन्सुलिनची सुई टोचून घेणं. भरपाईने जाताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, सुईला नाही म्हणायचं नाही. जेवणावर राग काढतील, पण बायकोला दिलेल्या वचनावर कसा काढणार? राजबाला रोज डब्यातली वापरलेली सुई बघायची आणि म्हणायची, चला, एवढं तरी आहे.

असा तो पौष चालला होता. बाहेर उसाचं गुऱ्हाळ लागलं होतं, दिवसभर रस उकळल्याचा गोड वास गावावर तरंगत असे, आणि घरात दोन माणसं एकमेकांना न बघता वावरत होती. राजबालाला कितीदा वाटलं, जावं, पायावर डोकं ठेवावं, म्हणावं, बापू, चुकले. पण घुंघट वर करून बोलायचं कसं, आणि म्हशीकरवी माफी मागायची कशी?

संक्रांत आली.

त्या मुलखात संक्रांतीला घरातला वडीलधारा रुसतो. कारण लागत नाही, रुसायचंच असतं. पहाटे अंघोळ करून तो गुपचूप घराबाहेर पडतो, शेतावर नाहीतर कुणाच्या गोठ्यात जाऊन तोंड फिरवून बसतो. मग सुना आयाबायांना घेऊन, गाणी म्हणत, टोमणे मारत त्याला शोधायला जातात, अंगावर नवा खेस घालतात, पाय दाबतात, गोड भरवतात आणि मनवून वाजतगाजत घरी आणतात. जेवढा लांबवून रुसेल तेवढा त्याचा मान. आणि तेवढ्या एका दिवशी सुनेलाही सासऱ्याला गाण्यातून चार गोष्टी ऐकवता येतात.

राजबाला उठली तेव्हा धुकं अंगणात उतरलेलं होतं. बाहेरची खोली रिकामी. कोपऱ्यातली काठी नाही. डब्यात वापरलेली सुई होती आणि झाकून ठेवलेली भाकरी तशीच होती.

ती क्षणभर त्या भाकरीकडे बघत राहिली आणि मग तिच्या छातीत काहीतरी एकदम उमललं. बापू रुसायला गेले होते! कालपर्यंत खरे रागावलेले बापू आज सणाचा रुसवा करायला गेले होते, म्हणजे खरा राग गेला होता. आता तिने जायचं, गायचं, मनवायचं, आणि त्यांनी येऊन ओट्यावर बसायचं. दोघांना तोंड न उघडता समेट करायला देवाने सणच पाठवला होता जणू. तिने तिथल्या तिथे दादा खेड्याच्या दिशेने हात जोडले.

"काकी!" ती भिंतीवरून ओरडली. "बापू रुसले!"

"रुसले ना? रुसू दे!" धापो काकी खुदखुदली. "भरपाईमागे आपण करतोय ती पहिलीच संक्रांत आहे, चांगला उन्हं वर येईपर्यंत बसू दे त्याला. लगेच गेलीस तर म्हणेल, मला काही किंमतच नाही."

राजबालालाही वेळ हवाच होता. मेथीचं तिला आदल्या दिवशी सुचलं होतं. दुधात भिजवून ठेवली, मग वाळवून अगदी मंद भाजली, तर कडवटपणा खाली बसतो. आज त्यांच्यासाठी असे लाडू न्यायचे की चंदगीचंही तोंड बंद व्हावं. तिने बाजरी नव्याने भाजली. तीळ निवडले. डिंक एकेक खडा बघून फुलवला. एक घाणा जरा जास्त लागला, तो तिने बाजूला सारला आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. अंगणात बायका जमू लागल्या होत्या, कोणी ढोलकीची दोरी ताणत होतं, आणि ती चुलीपाशी घामाघूम होऊन, भजन्याचं पद गुणगुणत, एकेक लाडू तळहातावर गोल करत होती.

मधेच चंदगी फाटकाशी थांबला. "तुमचा रुसका घोडा विहिरीच्या पंपापाशी बसलाय गं," तो ओरडून म्हणाला. "मी हाक मारली तर तोंड फिरवलं. काहीतरी बरळला, मला तर आईवरून शिवी दिल्यासारखं वाटलं. पक्का रुसलाय!"

बायका खो खो हसल्या. "म्हाताऱ्याने नाटक कंपनी काढायला हवी होती," धापो काकी म्हणाली.

राजबालाही हसली. तिने वळायला घेतलेले लाडू पुरे केले.

निघेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता, जरी धुक्यातून तो नुसता पांढरा ठिपका दिसत होता. मोहरीच्या पिवळ्या शेतांमधून बायकांची रांग चालली. राजबालाच्या डोक्यावर लाडवांची थाळी, खांद्यावर नवा खेस. पंपाची खोली दिसली तशी धापो काकीने गाणं उचललं.

"रुसला गं रुसला, बापू आमचा रुसला,
शेताच्या बांधावर जाऊन बसला..."

बापू भिंतीला टेकून बसले होते. जुना खेस डोक्यावरून ओढून, मान छातीवर टाकून. बायकांनी त्यांना घेरलं आणि ढोलकी कडाडली.

"घरी ये रे रुसक्या, सून आली न्यायला,
एवढा कसला ताठा, काय झालं तुला!"

बापू हलले नाहीत. हलायचं नसतंच. तीन गाणी झाल्यावाचून रुसलेल्याने मान वर केली तर त्याचं हसू होतं. बायकांनी दुसरं गाणं लावलं. कोणी तरणी सून पुढे होऊन नाचली. धापो काकीने दिराच्या खांद्याला टोचून म्हटलं, "काय रे रिसाल, बहिरा झालास काय? बघ, तुझी सून थाळी घेऊन उभी आहे. नसेल यायचं तर आम्ही खातो हो!" बापूंच्या तोंडून एक अस्पष्ट आवाज निघाला. बायका आणखी जोरात हसल्या. तिसरं गाणं सुरू झालं.

राजबालाने खेस बापूंच्या खांद्यावर घातला, खाली बसली आणि पाय दाबण्यासाठी हात लावला.

पाय ओला होता. मोजा ओला, त्यावरचा पायजमा ओला. ती एवढ्या थंडीत चालत आली तरी तिची बोटं गारठली होती, आणि बापूंच्या पोटरीवरून घाम निथळत होता. तिला दवाखान्यातल्या नर्सचं बोलणं आठवलं. सुई घेतली आणि पोटात काही गेलं नाही तर साखर उतरते, घाम फुटतो, माणूस बरळतो. तेव्हा थांबायचं नाही. आधी तोंडात साखर.

राजबालाने घुंघट मागे फेकला.

"बापू!"

तो आवाज त्या रानात कोणी ऐकला नव्हता. बायकांची गाणी तुटली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अगं, तोंड झाक!" तिने बापूंचा चेहरा दोन्ही हातांत धरून वर केला. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत बघणारं कोणी नव्हतं.

"साखर," राजबाला किंचाळली. "कुणाकडे साखर आहे? गूळ? काहीही?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मनवायला येताना गोड सून आणते, बाकीच्यांनी ते आणायचं नसतं. तिच्या थाळीत लाडू होते. सकाळपासून खपून केलेले, गोल, सुबक. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांत एकही कण असा नव्हता की जो या घडीला बापूंच्या कामी आला असता.

"गुऱ्हाळ!" धापो काकी ओरडली आणि एवढ्या वयाची बाई, ओढणी सावरत, बांध ओलांडून धुराच्या दिशेने पळत सुटली. दोन शेतांपलीकडून ती तांब्याभर रस घेऊन आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. राजबालाने बोट रसात बुडवून बापूंच्या हिरड्यांवर चोळलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा. ओठांच्या कडेने रस गळून मिशीत उतरत होता आणि ती म्हणत होती, "गिळा बापू. गोड आहे. खरंच गोड आहे. गिळा."

बऱ्याच वेळाने बापूंच्या गळ्याची हालचाल झाली.

कोणीतरी ट्रॅक्टर आणला, मग गाडी, मग रोहतक. सतबीर आसामच्या वाटेवरून परत फिरला. डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, वडील वाचले, पण मेंदू फार वेळ उपाशी राहिला. पहाटेची सुई आणि दुपार होईपर्यंत पोटात अन्न नाही. सकाळी कोणी बघितलं असतं तर चमचाभर साखरेत उठून बसले असते.

राजबालाला कोणी बोल लावला नाही. धापो काकी स्वतःलाच बोल लावत होती, मीच म्हटलं बसू दे म्हणून. चंदगी दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला. सतबीर रात्री बायकोच्या शेजारी बसून म्हणाला, "तू तर त्यांच्या भल्यासाठीच केलंस." राजबालाने मान हलवली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बापू घरी आले ते असे. चालतात, धरून नेलं तर. बसवलं तिथे बसतात. नाव विचारलं तर विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. राजबाला आता त्यांच्यापुढे घुंघट घेत नाही. कोणासाठी घ्यायचा? पहिल्या दिवशी ती त्यांच्या खाटेशी बसली, डोकं पायावर ठेवलं आणि इतके दिवस म्हशीला न सांगता आलेलं सगळं सरळ त्यांना सांगितलं. बापू तिच्या बांगड्यांकडे बघत होते.

पुढची थंडी आली. राजबालाने लाडू केले. तेच, मेथी दुधात भिजवून, डिंक कोरडा फुलवून. बापू रोज एक खातात. आधी तोंड वाकडं करत नाहीत, नंतर काही म्हणत नाहीत. रक्तातली साखर ताब्यात आली आहे. पायाची जखम कधीच भरली. पथ्याच्या बाईंनी राजबालाला बोलावून घेतलं आणि दवाखान्यात आलेल्या चार बायकांपुढे बसवून म्हणाल्या, "यांच्याकडून शिका, सासऱ्यांना कसं सांभाळलंय." राजबालाने लाडवाची कृती सांगितली. सांगताना कुठे अडखळली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "पण घरात साखर ठेवा. डब्यात का होईना, ठेवा."

संक्रांतीच्या सकाळी धापो काकी दोन-तीन बायकांना घेऊन अंगणात आली. ढोलकी आणली नव्हती.

"एखादं गाणं म्हणू का गं त्याच्यापुढे?" तिने विचारलं. "मान म्हणून."

"म्हणा."

ओट्यावर उन्हात बापू खेस पांघरून बसले होते. बायकांनी हळू आवाजात गाणं म्हटलं. टोमण्याची कडवी त्यांनी आपणहून गाळली. राजबाला थाळी घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिने लाडू उचलला आणि बापूंनी तोंड उघडलं.

तिने हात मागे घेतला. थाळी उचलून पाठीमागे ठेवली आणि बापूंच्या डोळ्यांत बघत बसली. रागवा, ती मनात म्हणत होती. काठी आपटा. थाळी उधळा. म्हणा, भरपाईने असं केलं नसतं. देवा, एकदा यांना माझ्यावर रागावू दे.

बापू तोंड उघडून वाट बघत राहिले. रुसले नाहीत. हुंदका दाबून धापो काकीने तोंडात ओढणीचा बोळा धरला.

राजबालाने लाडू मोडून छोटा घास केला आणि त्यांच्या तोंडात घातला. बापू सावकाश चावू लागले.